सोपे गाणे ओळखायचे कसे?

प्रश्न : आमच्या महिला मंडळात कराओके आणला आहे. मला गायची भीती वाटते. सोपी गाणी कशी निवडू? – एक वाचक, ओझर (ता. जुन्नर)

उत्तर : गाणे फसते ते बहुतेकदा गळ्यामुळे नव्हे, पट्टीमुळे. कराओकेचा ट्रॅक सहसा मूळ गायिकेच्या पट्टीत असतो, आणि लताबाई-आशाताईंची पट्टी आपल्या बोलण्याच्या आवाजाहून बरीच उंच. शिवाय संथ गाणे सोपे असे समजू नका. त्यात उलट दम जास्त लागतो. सर्वांत वरचा सूर न ताणता लागतो का, एवढे आधी गुणगुणून पाहा. ‘नाच रे मोरा’ (‘देवबाप्पा’, १९५३) ही पु. ल. देशपांडे यांची चाल छोट्या, परत परत येणाऱ्या तुकड्यांची आहे; ट्रॅकची पट्टी दोन-तीन स्वर उतरवा आणि त्यापासून सुरुवात करा. पट्टी उतरवणे ही लबाडी नव्हे. मैफलीतले गायकही तंबोरा आपल्याच पट्टीत लावतात.

‘पण मी गाणे शिकलेच नाही’ असे तुम्ही म्हणाल. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत पुणे जिल्ह्यातल्याही आहेत. त्या बायका गायिका नव्हत्या, दळण दळणाऱ्या होत्या. ओवीची चाल मोजक्या सुरांत फिरते आणि जात्यावर अनेकदा दोघी असत. तुम्हीही पहिले गाणे मैत्रिणीसोबत, एकाच माइकवर म्हणा.