सरकारला माल विकताना : दरापासून बिलापर्यंत

सरकारी कार्यालयाला माल पुरवणाऱ्या लहान उद्योजकाची खरी परीक्षा निविदा मिळाल्यावर सुरू होते. माल पोचतो, बिल अडकते आणि बँकेचे व्याज चालूच राहते.

केंद्राची बरीचशी खरेदी 2016 साली सुरू झालेल्या ‘जेम’ पोर्टलवर होते. महाराष्ट्रातील कार्यालयांच्या ई-निविदा ‘महाटेंडर्स’वर निघतात; तेथे डिजिटल सही लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची केंद्राची ‘उद्यम’ नोंदणी त्याआधीच केलेली बरी. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात आता वार्षिक खरेदीचा किमान 25 टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे आणि बयाणा रकमेतूनही त्यांना सूट मिळते. मात्र निव्वळ ट्रेडरकडे उद्यम प्रमाणपत्र असले तरी हा लाभ त्याला नाही. अनेकांना हे बोली बाद झाल्यावरच कळते.

दराची गोम वेगळीच. मोठ्या कंपनीचा दर 100 रुपये असेल आणि लघु उद्योगाचा 115 पर्यंत, तर 100 ला उतरून खरेदीचा काही भाग पुरवण्याची संधी मिळू शकते. पण पुरवठा 100 नेच करायचा असतो. वाहतूक, तपासणी, अडकून पडणारी सुरक्षा अनामत आणि उशिराच्या बिलावरचे व्याज धरून तो परवडतो का, हे बोलीआधीच मांडावे.

सर्वाधिक नुकसान कागदाअभावी होते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार, करारात काहीही मुदत असली तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. पोच झाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचीचा दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. त्यामुळे चलनावर तारीख, सही आणि शिक्का हवाच. ‘माल ठेवून जा, कागद नंतर देतो’ असे सांगणारा स्टोअरकीपर पुढे बदलूनही जातो. नमुन्यात किंवा रंगात तोंडी सुचवलेला बदलही पत्राने पक्का करावा. नाहीतर तपासणीत तोच दोष ठरतो.

थकबाकीसाठी याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने पुष्कळजण तो टाळतात, ही धास्ती अगदीच निराधार नसते. तोवर निदान लेखी स्मरणपत्रे पाठवून त्यांच्या पोचा जपाव्यात. परिषदेत आधी समेट आणि तो न झाल्यास लवाद होतो. निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.