दिलेला मोहरा

बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक मोहऱ्याची किंमत ठरलेली असते. प्याद्याची 1, घोड्याची आणि उंटाची प्रत्येकी 3, हत्तीची 5 आणि वजिराची 9, असा हिशोब नवशिक्यास पहिल्याच दिवशी शिकवितात. राजाची किंमत कोणी सांगत नाही. कारण तो कोंडला गेला की डावच संपतो. हा हिशोब पाठ केलेल्या मुलाने एखाद्या जाणत्या खेळाडूचा डाव पाहिला, तर त्यास मोठा अचंबा वाटतो. तो खेळाडू आपला धडधाकट हत्ती खुशाल शत्रूच्या तोंडी देतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर खंतीची रेषाही उमटत नाही! खेळणारे लोक यास साध्या भाषेत 'मोहरा देणे' म्हणतात. पुस्तकांत त्यास 'बलिदान' असे भारदस्त नाव आहे.

सोलापूरच्या नवी पेठेतील कापडाचा व्यापारी सणासुदीचा हंगाम जवळ आला म्हणजे गाठीचा पैसा मालात घालतो. त्या दिवशी त्याची पेटी रिकामी दिसते. परंतु तो भिकेस लागला असे कोणी म्हणत नाही. पैशाचा माल झालेला असतो, इतकेच. पटावर पैशाच्या जागी मोहरा असतो, आणि मालाच्या जागी कधी एखादी मोकळी झालेली पट्टी असते, कधी वाचलेली एक खेळी असते, तर कधी शत्रूच्या राजाभोवतीची फुटलेली तटबंदी असते. फरक एकच. माल पडून राहिला तर व्यापाऱ्यास पुढचा हंगाम असतो. खेळाडूने दिलेला हत्ती त्या डावात पुन्हा उभा राहत नाही.

रुडॉल्फ श्पीलमान नावाच्या ऑस्ट्रियन खेळाडूने या विषयावर एक पुस्तकच लिहिले. त्याने बलिदानाचे दोन प्रकार मानले. पहिल्या प्रकारात मोहरा देणाऱ्यास शेवट दिसत असतो. चार-सहा खेळ्यांनंतर मात होणार, किंवा दिलेल्याहून अधिक परत मिळणार, हे त्याने आधीच मोजलेले असते. श्पीलमानच्या मते हे बलिदानाचे केवळ सोंग होय. दुसऱ्या प्रकारात शेवट मोजता येत नाही. मोहरा जातो, हल्ला हाती येतो, आणि पुढे काय होईल हे खेळूनच पाहावे लागते. तेच त्याच्या लेखी खरे बलिदान.

पहिल्या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना 1858 साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात घडला. रंगमंचावर संगीतिका चालू होती, आणि प्रेक्षकांच्या एका कक्षात 21 वर्षांचा अमेरिकन तरुण पॉल मॉर्फी दोन सरदारांशी खेळत होता. ते दोघे आपसांत विचार करून काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. मॉर्फीने प्रथम घोडा देऊन दोन प्यादी घेतली, मग एका घोड्यासाठी हत्ती दिला. सोळाव्या खेळीला त्याने आपला वजीर थेट काळ्या घोड्याच्या तोंडी नेऊन राजास शह दिला. तो वजीर मारण्यावाचून काळ्यापुढे दुसरी खेळीच नव्हती. घोड्याने वजीर मारला, घोडा आपल्या जागेवरून हटताच पट्टी मोकळी झाली, आणि पुढच्याच खेळीस पांढऱ्या हत्तीने मात केली. डाव संपला तेव्हा हल्ल्यासाठी पांढऱ्याजवळ एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. काळ्याजवळ वजीर, हत्ती, उंट, घोडा असा सारा सरंजाम होता. परंतु त्यातील हत्ती आणि उंट डावाच्या आरंभापासून जागचे हललेच नव्हते! ठरलेल्या किमतींचा हिशोब खोटा नव्हे, पण जो मोहरा लढाईत उतरलाच नाही त्याची किंमत त्या घटकेस शून्य असते, ही गोष्ट या डावाइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

दुसऱ्या प्रकाराचा बादशहा मिखाईल ताल. हा लाटव्हियातील रीगा शहरचा. 1960 साली मॉस्को येथे तो विश्वविजेत्या मिखाईल बोट्विनिकशी विश्वविजेतेपदासाठी खेळला, तेव्हा त्याचे वय होते 23. सहाव्या डावात एकविसाव्या खेळीस त्याने आपला घोडा पटाच्या मध्याजवळ अशा घरी नेऊन ठेवला की, तो फुकट मारता यावा. सभागृहात इतकी कुजबुज आणि गलबला माजला की, खेळाडूंस आतल्या खोलीत नेऊन डाव पुढे चालवावा लागला. बोट्विनिकने घोडा मारला आणि अखेर तो डाव गमावला. पुढे अभ्यासकांनी सवडीने पट मांडून पाहिले, तेव्हा बोट्विनिकला बचावाची वाट होती असे आढळून आले. मग तालची चाल चुकीची होती काय? घरी बसून, चहा घेत, दहा दिवस विचार करणाऱ्यास ती तशी वाटेल. परंतु बोट्विनिकपुढे दहा दिवस नव्हते. त्याच्यापुढे घड्याळ होते. ताल ते विश्वविजेतेपद जिंकला. पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, बोट्विनिकने पुरती तयारी करून ते त्याच्याकडून परत घेतले, हेही येथे सांगितले पाहिजे.

या घड्याळाची ओळख करून घेतल्याखेरीज स्पर्धेतील बलिदान समजत नाही. स्पर्धेत पटाशेजारी दोन्ही खेळाडूंचा वेळ मोजणारे घड्याळ असते. खेळी करून आपल्या बाजूची कळ दाबली की आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. ज्याचा वेळ संपेल तो सहसा हरतो, मग पटावर त्याचे मोहरे कितीही असोत. मोहरा देऊन हल्ला चढविणाऱ्याची एखादी खेळी थोडी उणी पडली तरी त्याचा हल्ला बहुधा टिकतो. बचाव करणाऱ्यास मात्र दर वेळी एकच बिनचूक खेळी शोधावी लागते, आणि ती शोधताना त्याची मिनिटे गळत जातात. म्हणून धाडसी बलिदान पटावर जितके असते तितकेच ते घड्याळातही असते. हीच धार उलटीही लागते. वेळ संपत आला म्हणजे मनुष्यास बसून मोजणे नकोसे होते. काहीतरी देऊन टाकावे आणि कोंडी फोडावी, असा मोह होतो. मोजून दिलेला मोहरा आणि घाईने दिलेला मोहरा दिसावयास एकसारखेच दिसतात.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा जुनी आहे. 1955 साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत रामचंद्र सप्रे हे डी. व्यंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. सांगलीस भाऊसाहेब पडसळगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे करून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पटाशी बसविले. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी 1974 पासून पुढे कित्येक वर्षे राष्ट्रीय महिला अजिंक्यपद आपल्या घराबाहेर जाऊ दिले नाही. रोहिणी 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. त्यावर एवढे वादळ उठले की, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पटावरील दडपणापेक्षा पटाबाहेरचे दडपण अवघड असते, हे त्या वयात तिला कळले असेल.

याच परंपरेतील नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी शहरी महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत अंतिम फेरीस पोचली. तिचे वय 19 होते. वाटेत उपांत्य फेरीत तिने चीनच्या तान झोंगयी या माजी विश्वविजेतीस हरविले. अंतिम फेरीत समोर होत्या भारताच्याच कोनेरू हंपी. हंपी 2002 साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. शिवाय जलद डावांचे विश्वविजेतेपद त्यांनी दोनदा, 2019 आणि 2024 साली, जिंकले होते. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, आणि 28 जुलै रोजी जलद डावांनी निकाल लावण्याचे ठरले. अशा डावात प्रत्येकीस सारी 15 मिनिटे आणि दर खेळीस वाढीव 10 सेकंद मिळतात. आता पारडे हंपींकडे झुकणार, असे कोणासही वाटावे.

पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. डाव लांबला, हंपींचा वेळ आटत चालला, आणि चाळिसाव्या खेळीच्या सुमारास त्यांनी आपले एक प्यादे पुढे सारून देऊन टाकले. ते देण्यापूर्वी जे मोजावयाचे, ते पुरते मोजण्यास घड्याळाने त्यांना सवड दिली नाही. दिव्याने प्यादे घेतले आणि तिची बाजू वरचढ झाली. येथे डाव सरळ संपला असता तर गोष्ट सोपी होती. परंतु दडपण एकट्या हंपींवर नव्हते. दिव्याच्याही हातून चुका झाल्या, हाती आलेला विजय निसटला आणि डाव पुन्हा बरोबरीकडे सरकला. अखेरची चूक हंपींकडून झाली. सत्तरहून अधिक खेळ्या झाल्यावर त्यांनी डाव सोडला.

दिव्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि बाहेर येताच तिने आईला मिठी मारली. महिलांचा विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही टप्पा तिने तोवर पार केलेला नव्हता. परंतु या स्पर्धेच्या विजेतीस तो किताब थेट मिळतो, त्यामुळे त्याच दिवशी ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. विजयानंतर बोलताना, डावाचा शेवट आपण नीट हाताळला नाही आणि डावाच्या अंतिम भागाचा अभ्यास आपल्याला अजून करावयाचा आहे, असे तिने सांगितले.

अभ्यास

1. मॉर्फीचे आणि तालचे बलिदान यांत कोणता भेद आहे, तो आपल्या शब्दांत लिहा.

2. 'धाडसी बलिदान पटावर जितके असते तितकेच ते घड्याळातही असते,' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

3. मित्राशी एक डाव खेळा. एखादा मोहरा द्यावासा वाटला तर देण्यापूर्वी पुढच्या तीन खेळ्या कागदावर लिहून ठेवा, आणि डाव झाल्यावर त्या पडताळून पाहा.