सोसायटीचं खातं संगणकावर जाताना काय तपासाल, किती खर्च येईल?

विकास सोसायटीच्या वहीतलं तुमचं खातं क्लाउडवरच्या सामाईक प्रणालीत चढवायला वेगळे पैसे देऊ नका. केंद्राने २९ जून २०२२ रोजी मंजूर केलेल्या सोसायट्यांच्या संगणकीकरण योजनेचा मूळ आराखडा ६३,००० सोसायट्यांचा आणि २,५१६ कोटी रुपयांचा आहे. सॉफ्टवेअर, यंत्रसामग्री, प्रशिक्षण आणि जुन्या नोंदी भरण्याचा खर्च त्यातच धरलेला आहे. ‘डेटा एंट्री फी’ किंवा ‘ऑनलाइन चार्ज’ कुणी मागितला, तर सोसायटीच्या नावाची छापील पावती मागा.

सोबत काय न्याल? आधार, बँक पासबुक, चालू सातबारा आणि आठ-अ, शेअर्सची पावती, कर्जफेडीच्या पावत्या. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावर प्रत्येकी १५ रुपयांना मिळतो. तो काढून देणारा सेवा केंद्राचा चालक जास्त घेत असेल, तर ती रक्कम त्याच्या सेवेची आहे. आधी विचारा, मग काढा. आधारचा मोबाइल नंबर बंद पडला असेल, तर तो बदलायला आधार केंद्रात ७५ रुपये लागतात. हे काम आधी उरका, ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. नाव आणि गट नंबर सगळेच बघतात, तारखा कुणी बघत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तरच पंजाबराव देशमुख योजनेतून शून्य टक्के व्याज पडतं. उचल किंवा फेड यांपैकी एकही तारीख चुकीची चढली, तर तुम्ही कागदावर थकबाकीदार होता. वाळवा-कराड पट्ट्यातल्या ऊसवाल्यांनी इथे दुप्पट लक्ष द्यावं, कारण वसुली कारखान्याच्या बिलातून होते. बिलातून कपात कधी झाली आणि ती सोसायटीत जमा कधी पडली, या दोन्ही तारखा शेजारी ठेवून ताडा. कपातीची पावती जपा. काही जणांची जमीन कराडात आणि शिराळ्यात अशी दोन्हीकडे असते. त्यांनी दोन्ही सोसायट्यांची येणेबाकी वेगवेगळी तपासावी आणि कर्ज फिटलेल्या ठिकाणचा बेबाकी दाखला घ्यावा. वडील वारले असतील आणि शेअर्स त्यांच्याच नावावर असतील, तर वारस नोंदीचा अर्ज आत्ताच द्या.

सोसायटीतला खातेउतारा पाहायला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात. प्रत हवी असेल, तर लेखी अर्ज आणि ठरलेली फी द्या. ती महिनाभरात मिळायला हवी. नोंद चुकली असेल, तर गटसचिवाकडे दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. दाद लागली नाही, तर तालुक्याचे सहायक निबंधक, त्यावर सातारा किंवा सांगलीचे जिल्हा उपनिबंधक. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. त्याआधी खातेउतारा हातात असू द्या.

संचालक आणि सचिवांनो, तुमचा खर्च मात्र लपलेला असतो: इंटरनेट, इन्व्हर्टर, कागद, आणि जुना सॉफ्टवेअरवाला माहिती काढून द्यायला मागतो ती रक्कम. ती तोंडी ठरवू नका, ठराव करून लेखी दर घ्या. ३१ मार्चची लेखापरीक्षित बाकी आणि नव्या प्रणालीतली बाकी रुपयाला रुपया जुळल्याशिवाय सही करू नका. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, त्याच पुरावा आहेत. सभासदांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. सचिव बदलला, की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

आणि सभासदांनो, ‘सोसायटीतून बोलतोय, खातं ऑनलाइन करायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर ठेवून द्या. खात्याचं काम सोसायटीच्या कार्यालयात, समोर बसूनच करा.