डोक्याला मार लागला, भरपाई किती आणि खर्च किती?

समजा, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई करणारा ३२ वर्षांचा कारागीर आहे. महिन्याची कमाई १८,००० रुपये. कल्याण-बदलापूर रस्त्यावर टेम्पोने त्याच्या दुचाकीला मागून धडक दिली. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं आणि दीड-दोन महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी घरी आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या बुडालेल्या कमाईचा हिशेब असा करतं: वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून १८,००० मध्ये ४० टक्के वाढ धरायची, झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. एकूण ४८,३८,४०० रुपये. आता यातला किती भाग मिळणार, ते त्याची कमावण्याची ताकद किती टक्के गेली यावर ठरतं. न्यायाधिकरणाने ३० टक्के मानली, तर १४,५१,५२०. ७० टक्के मानली, तर ३३,८६,८८०.

माणूस तोच, मार तोच, फरक १९ लाखांवर. हा फरक वकिलाच्या आवाजाने पडत नाही, कागदांनी पडतो. हात तुटलेला माणूस न्यायाधीशांना दिसतो. डोक्याला मार लागलेला माणूस मात्र कोर्टात चालत येतो, नाव-गाव नीट सांगतो आणि विमा कंपनीचा वकील म्हणतो, हा तर बरा झालाय. घरच्यांना ठाऊक असतं की तो पहिल्यासारखा राहिलेला नाही. ते कागदावर आणण्यासाठी हातात असलेला पैसा आधी खर्च करा, बाकी सगळं नंतर.

सुरुवात रुग्णालयापासून. पहिल्या केसपेपरवर एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) आणि ‘जीसीएस’ हा आकडा आहे ना, ते पाहा. शुद्धीची ही मोजपट्टी ३ ते १५ अशी असते. ८ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ किंवा त्याच्या पुढे सौम्य. डिस्चार्ज कार्डावर सुटतानाचा १५ लिहिलेला असतो आणि दाखल करतानाचा ७ कुठेच दिसत नाही, असं घडतं. मग तो पहिला केसपेपरच तुमचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो. आपल्या भागात डोक्याच्या गंभीर रुग्णाला उल्हासनगरच्या मध्यवर्ती किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयातून पुष्कळदा कळव्याला किंवा सायनला हलवतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद होतो. पहिल्या ठिकाणच्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय रुग्णवाहिकेत बसू नका, आणि रुग्णवाहिकेची पावतीही जपा, तोही दाव्यातला खर्च आहे.

उपचाराच्या पैशांसाठी दोन आधार आहेत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात, पण रुग्णालय योजनेत असावं लागतं. दुसरी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दाखल करतानाच ‘योजनेचं काउंटर कुठे’ हे विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

घरी आल्यावर दोन कामं. पहिलं, मेंदूच्या कामाची मानसशास्त्रीय तपासणी. स्मरण, लक्ष, हिशेब, राग आवरणं हे सगळं तीत मोजलं जातं. ही तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागामार्फत करून घ्यायचा प्रयत्न करा. खासगीत पैसे पडतील, पण या दाव्यात याहून कारणी लागणारा दुसरा खर्च नाही. दुसरं काम फुकट आहे. एक शंभर पानी वही घ्या आणि तारीख घालून रोजचं लिहा. ‘गॅस चालू ठेवून गच्चीवर गेला.’ ‘दुकानदाराने दिलेले सुटे पैसे मोजता आले नाहीत.’ ‘मशीनवर बसला, दोरा ओवता आला नाही, मशीनच ढकललं.’ बायको किंवा आई साक्ष द्यायला उभी राहते तेव्हा तीन वर्षांपूर्वीचं सगळं आठवत नाही. वही असली की आठवतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलं आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या नुकसानाची टक्केवारी एकच नसते. प्रमाणपत्रावर ४० टक्के असले तरी हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा हिशेबच गेला असेल, तर नुकसान शंभर टक्केही धरता येतं. हे वकिलाशी पहिल्याच भेटीत बोला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी मंडळाकडून घ्या, मात्र घाई नको. मेंदूची सुधारणा काही महिने चालू असते आणि लवकर घेतलेला आकडा पुढे दोन्ही बाजूंनी अडचणीचा होतो.

कमाईचा पुरावा हा आपल्याकडचा दुखरा भाग. जीन्सची शिलाई पीसवर, पगार रोख, पगारपत्रक नाही. ठेकेदाराच्या वहीतल्या पानाचा फोटो, फोनवर आलेल्या पैशांचे तपशील, सोबतच्या कारागिराची साक्ष, बँक पासबुक, यातलं जे मिळेल ते गोळा करा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतं.

सांभाळणाऱ्याची किंमत मागायला लोक संकोचतात. बायकोने नोकरी सोडली, आई रात्रभर जागते, त्याचे कसले पैसे? मिळतात. ५ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांची असताना डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झालेल्या मुलीसाठी दोन मदतनिसांचे महिना १०,००० रुपये धरून त्याला १८ ने गुणलं, म्हणजे त्याच एका शीर्षाखाली २१,६०,००० दिले. खालच्या न्यायाधिकरणाने सगळं मिळून ११ लाखांच्या आसपास दिले होते, सर्वोच्च न्यायालयात ती रक्कम ६२ लाखांवर गेली. वरच्या कारागिराला एक मदतनीस लागत असेल, तर १०,००० महिन्याने १६ वर्षांचे १९,२०,००० होतात.

दावा कुठे लावायचा? अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, निवड तुमची. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकरांना ठाणे आणि कल्याण जवळचे. १ एप्रिल २०२२ पासून दावा लावायला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही सहा महिने हीच शेवटची तारीख समजा. नव्या नियमांत पोलिसांनीही ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पोलीस ठाण्यात जाऊन तो गेला का, हे विचारा. तक्रारदाराला एफआयआरची प्रत मोफत मिळते. जखमी स्वतः सही करण्याच्या स्थितीत नसेल तर जवळचा नातेवाईक वादमित्र म्हणून दावा करू शकतो.

गाडी धडक देऊन पळाली असेल, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख असे ठरलेले आहेत. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. तुमचीच दुचाकी खडीवर घसरली तर समोर कोणाची विमा कंपनीच नसते. मग आपल्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, ते बघा. पुष्कळ घरांत तो असतो आणि कोणाला ठाऊक नसतं.

खड्ड्यामुळे पडलात तर आणखी एक वाट आहे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या गटारांमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि जखमेला ५०,००० ते अडीच लाख ठरवून दिले. अर्ज तुमच्या हद्दीतल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या समितीकडे जातो, तिच्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिवही असतात. ही रक्कम बाकीच्या दाव्यांहून वेगळी आहे. पडल्या दिवशीच खड्ड्याचा फोटो काढा, दोन दिवसांत त्यावर खडी पडलेली असते.

लोकलमधून पडण्याचं काय? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडले आणि त्याच दिवशी चौघे गेले. त्यातली एक गाडी कर्जत मार्गावरची, म्हणजे आपल्याच स्थानकांतून धावणारी होती. गाडीतून चुकून पडणं ही रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खालची घटना आहे, रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. २०१७ पासून मृत्यूला ८ लाख, आणि कोणतंच काम करता येणार नाही इतकी इजा असेल तर तेही ८ लाख. दावा एक वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे. पास हरवला म्हणून दावा संपत नाही, २०१८ च्या रीना देवी निकालानुसार प्रतिज्ञापत्राने सुरुवात करता येते, पण पास फोनवर असेल तर लगेच स्क्रीनशॉट घ्या. स्टेशन मास्तरच्या मेमोची आणि लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत मिळवा. रूळ ओलांडताना लागलं असेल, तर मात्र या कलमाचा आधार नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत कामावर डोक्याला मार लागला तर आधी ईएसआय कार्ड आहे का ते पाहा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू होतं. तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे ९० टक्के पगार मिळतो, कायम अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि मग मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. कार्ड नसेल तर मालक देणं लागतो. ते सूत्र असं: पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा घटक. पगाराची कमाल मर्यादा १५,००० धरली जाते. ३२ वर्षांच्या कामगाराचा घटक २०३.८५, म्हणजे पूर्ण कायम अपंगत्वाला १८,३४,६५०. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, तिच्यात बसतो. कामाच्या गाडीचा अपघात असेल तर हा दावा किंवा मोटार दावा, दोन्हींतला एकच निवडावा लागतो.

आता वकिलाचे पैसे. ‘मिळेल त्याचे इतके टक्के’ असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं आहे. रुग्णालयाच्या दारात कार्ड देणाऱ्या एजंटाच्या तोंडी मात्र तीच भाषा असते. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. ठराविक फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या. महिला, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमाती यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. इतरांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मिळतो. अर्ज ठाणे किंवा कल्याण कोर्टात, फोन १५१००. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक विकत घ्या असं कोणी म्हणालं तर थांबा. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलं आहे.

तडजोडीची घाई हा सगळ्यांत महाग सौदा ठरतो. कोणाची चूक हे न बघता गंभीर जखमीला अडीच लाख देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. विमा कंपनीचा माणूस त्याचा प्रस्ताव घेऊन लवकर येऊ शकतो. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. हात मोडल्यावर अडीच लाख पुरतीलही. मेंदूच्या माराला ते कधीच पुरत नाहीत. लोकअदालतीतही हेच ध्यानात ठेवा: तिथे लवकर आणि कोर्ट फीशिवाय मिटतं, पण निवाड्यावर अपील नाही. टक्केवारीचा कागद हातात येईपर्यंत तिथे आकडा ठरवू नका.

निकाल लागल्यावर मोठी रक्कम बहुधा मुदत ठेवीत ठेवली जाते. औषधांसाठी आधी लागली तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून काढता येते, बिलं सोबत जोडा. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात, म्हणून निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.