ओजालेशी : झाडावर वाढणारी द्राक्षवेल

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या दरम्यान जॉर्जिया हा द्राक्षशेतीची अतिप्राचीन परंपरा असलेला देश आहे. त्याच्या पश्चिमेकडील सामेग्रेलो प्रांतात ओजालेशी नावाची काळ्या द्राक्षांची स्थानिक जात असून तिच्यापासून त्याच नावाचे लाल मद्य तयार करतात. ही जात एकेकाळी नष्ट होण्याच्या बेतात आली होती. तिच्या गुणांत उणीव नव्हती. उणीव होती ती पीकसंरक्षणात.

लागवडीची जुनी पद्धत

मेग्रेली भाषेत ‘जा’ म्हणजे झाड. ओजालेशी म्हणजे झाडावर वाढणारी. तेथील शेतकरी हा वेल उंच झाडांवर चढवीत. हवा दमट असल्यामुळे जमिनीपासून उंच असलेल्या घडांस वारा व ऊन चांगले मिळे. आपल्याकडे नाशिक भागातही पूर्वी द्राक्षवेलास पांगाऱ्याचा जिवंत आधार देत असत. परंतु सामेग्रेलोतील वेल त्याहून पुष्कळ उंच जाई. काढणीच्या वेळी झाडावर चढून भरलेली टोपली दोरीने खाली सोडावी लागे.

मद्य

ही जात उशिरा पिकते. काढणी नोव्हेंबरपर्यंत लांबते. रंग मुख्यतः सालीत असल्यामुळे द्राक्षे चिरडून रस सालींसह आंबवितात. जॉर्जियात यासाठी क्वेव्री नावाचे मोठे मातीचे रांजण जमिनीत पुरण्याची प्रथा आहे. त्यामुळे रसाचे तापमान फारसे बदलत नाही. या पद्धतीस युनेस्कोने 2013 साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

रोग व किडीचे संकट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुरी रोग व फायलोक्सेरा ही मुळांतील रस शोषणारी कीड अमेरिकेतून युरोपमार्गे तेथे पोहोचली. भुरीवर गंधकाची भुकटी हा उपाय होता. पण झाडाच्या शेंड्यावरील वेलास ती नीट लागणे कठीण. मुळांवरील किडीस तर गंधकाचा उपयोगच नव्हता. बागा वाळल्या. पुष्कळांनी रोगास दाद न देणारी इझाबेला ही अमेरिकी वंशाची जात लावली आणि ओजालेशी मागे पडली.

जी थोडी झाडे उरली, त्यांच्या काड्यांपासून ही जात पुढे वाढविता आली. अमेरिकी जातींची मुळे फायलोक्सेरास तोंड देतात. म्हणून त्यांच्या खुंटावर देशी वेलाचे कलम करतात. वेल तारांच्या बुटक्या आधारावर घेतल्यास छाटणी, फवारणी व काढणी हाताशी येते.

ध्यानात घेण्याजोगे

महाराष्ट्रातही डॉगरिजसारख्या खुंटांवर द्राक्षाची कलमे करतात. येथे मुख्य कारण क्षार व पाण्याची टंचाई हे आहे. खुंट बदलला तरी फळाची जात तीच राहते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस समजावून द्यावे. नवी जात अवश्य लावावी. परंतु गावात एखादी जुनी देशी जात असल्यास तिची बाग मोडण्यापूर्वी निरोगी काड्यांची कलमे करून ठेवावीत. शेवटचा वेल तोडल्यावर ती जात परत मिळविण्याचा मार्ग उरत नाही.