गोंधळाची रात्र मोकळी ठेवा

तुळजापूरला कुळाचा गोंधळ घालायचा असेल, तर त्या रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका. बाकीच्या अडचणी जागच्या जागी निस्तरतात. गाडी उशिरा आली, स्वयंपाक लांबला, लहान मूल किरकिरलं, तरी चार माणसं मिळून वेळ निभावून नेतात. आख्यान मात्र अर्ध्यावर टाकून उठावं लागलं की ती रात्र गेली. तीच माणसं, तोच गोंधळ्यांचा नाईक, तोच लागलेला सूर परत एकत्र येत नाही.

पुतण्याच्या लग्नानंतर आम्ही सगळे ठाण्याहून निघालो होतो. कुलस्वामिनी भवानी, त्यामुळे नवं जोडपं देवीच्या पायावर घालायचं आणि गोंधळ करायचा, हे घरात कोणाला ठरवावं लागत नाही. सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, बंगळुरूला वाढलेली त्यांची नातवंडं, माझी मुलं, नवी सून, तिचे आईवडील, असा मोठा गोतावळा. दिवस उन्हाळ्याचे. रात्रभर प्रवास, सकाळी कल्लोळ आणि गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन दर्शनाची रांग, दुपारी मुलांना काही बघायला मिळावं म्हणून नळदुर्गचा किल्ला, संध्याकाळी पुजाऱ्यांच्या घरी पुरणाचं जेवण, मग गोंधळ, आणि रात्री सोलापूरहून मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. तुळजापूर ते सोलापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला, त्यामुळे सगळं जमेल असं सगळ्यांनाच वाटत होतं.

चौक मांडून होईपर्यंतच उशीर झाला. पाटावर नवं वस्त्र, त्यावर तांदूळ, कलश, नारळ, खण, सुपाऱ्या. नाईक प्रत्येक वस्तू हळुवार, मनापासून ठेवत होता. त्यात घाई करता येत नाही आणि करूही नये. पहिली काठी संबळावर पडली तशी दिरांची धाकटी नात दचकून जी रडायला लागली ती थांबेना. देवदेवतांना गोंधळाला बोलावणं सुरू झालं, तेव्हा मोठी माणसं भिंतीला टेकून पेंगत होती. दिवसभराचं ऊन आणि वर पुरणपोळी, दुसरं काय होणार! आख्यान लागलं आणि मग हळूहळू एकेकाचे डोळे उघडले. जांभूळ आख्यान होतं. पांडव वनवासात आहेत, झाडावरचं एकुलतं एक जांभूळ तोडलं गेलंय, ते एका ऋषीसाठी राखलेलं होतं. आता ते फळ देठाला परत चिकटायचं असेल तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. पाचही भाऊ बोलून झाले. फळ वर वर सरकलं. आता द्रौपदीची पाळी. नाईकाने तुणतुणं थांबवलं, दिवटीवाल्याकडे बघितलं, आणि बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

नाईकाने कोणाला बोल लावला नाही. आख्यान आवरतं घेतलं, आरती केली, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लावलं. गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "द्रौपदी काय म्हणाली ते पोरांना कळलंच नाही गं."

ती म्हणते ते असं, की पाच नवरे असूनही आपल्या मनात कर्णाचा विचार येऊन गेला. हे कबूल केल्यावरच जांभूळ देठाला लागतं. नव्या लग्न झालेल्या मुलामुलीसमोर, सासूसुनांसमोर, देवीला साक्ष ठेवून हे सांगितलं जातं. हीच कथा शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर नेली आणि शहरातल्या प्रेक्षकांना तिचं वेड लावलं. तिच्या ऐन शिखरावरून आम्ही उठलो, याची रुखरुख मला आजही आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

आपल्याकडे गोंधळ म्हटलं की डोक्यात फक्त कुळाचार येतो. पूजेसारखं काहीतरी, जे पार पाडायचं असतं. तो कुळाचार आहेच, पण तो नाटकही आहे, आणि फार जुनं नाटक आहे. त्याचा पूर्वरंग आहे, त्यात चौक, आवाहन, गण, देवीची स्तुती. त्याचा उत्तररंग आहे, त्यात आख्यान. नाईक एकटाच राम होतो, रावण होतो, मंथरा होते. साथीदारांतला एक मुद्दाम खुळचट प्रश्न विचारून त्याला अडवतो आणि त्या प्रश्नातून कथा पुढे सरकते. दिवटीचा उजेड ज्याच्या तोंडावर, तो त्या घटकेचा नायक. नेपथ्य नाही, पडदा नाही, आणि तरी कधी अरण्य झालं, कधी दरबार भरला, ते कळतं.

याची मुळं शोधत गेलं तर तुळजापूर ज्यात येतं त्या धाराशिव जिल्ह्याच्या अगदी शेजारी आपण जाऊन पोचतो. उमरगा तालुक्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, त्यातही हे नृत्य येतं. गोंधळाचं नातं अभ्यासक या गोंडलीशी जोडतात. ज्या रचनेची दखल संस्कृत शास्त्रकारांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी घेतली, तिच्यासाठी आपण जेवण आणि रेल्वे यांच्यामधला तास-दीड तास काढतो, हे मला मनापासून सलतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला भरलं होतं. त्या मांडवात बसलेलं कुटुंब अर्ध्या अंकातून उठलं नसतं. गोंधळ्यापुढेही तसंच बसायला हवं.

पुढे दुसऱ्या एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही परत गेलो, तेव्हा सगळं वेगळं आखलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे, मुक्काम. गोंधळाच्या रात्री तुळजापुरातच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघायचं. पुजाऱ्यांकडे उतरण्याची जुनी पद्धत अजून आहे. घराण्याचे पुजारी ठरलेले असतील तर त्यांना आधीच फोन करून गोंधळासाठी जागा मागून घ्या. दर्शन आधी की गोंधळ आधी, हे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे. पण दर्शन त्याच दिवशी असेल तर दुपार पूर्ण रिकामी ठेवा आणि सगळ्यांना, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि मुलांना, झोपवा. नळदुर्ग दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तिथला नर-मादी धबधबा बोरी नदीला पाणी असलं तरच वाहतो, म्हणजे पावसाळ्यात. भर मे महिन्यात मुलांना धबधब्याचं आमिष दाखवून उन्हात नेऊ नका. पाणीमहाल आणि भक्कम बुरूज बघायचे तर सकाळी लवकर जा. तेरला गोरोबाकाकांचं मंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, तेही दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

दिवस निवडताना मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळलेली बरी. गर्दीत रांगेतच जीव जातो. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत देवी पलंगावर निद्रिस्त असते, तशीच शारदीय नवरात्राआधी आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीही. पहिल्यांदा येणाऱ्या सुनेला किंवा मुलांना सिंहासनावरची मूर्ती बघायची असेल तर या तिथी पंचांगात बघून घ्या. कोजागिरीला तर सोलापूर आणि कर्नाटकाकडून पायी येणाऱ्यांनी रस्ते भरून वाहतात. ते दृश्य एकदा जरूर बघावं, पण कुटुंबाचा गोंधळ त्या दिवशी घालू नये.

गोंधळ्यांशी बोलणी आधी करा आणि घरातल्या कर्त्या माणसाने करा. काकड्या गोंधळ हवा की संबळ्या, हे आधी स्पष्ट सांगा. काकड्या छोटा, घरगुती. संबळ्या म्हणजे वाद्यांसह, पूर्ण मांडणीचा, आख्यानासकट. आम्हाला अशी निवड असते हेच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे 'गोंधळ घालायचाय' एवढाच निरोप गेला होता. नाईकाला विचारा, तुम्ही कोणकोणती आख्यानं सांगता? तुमच्या घरात कोण आहे ते त्याला सांगा. लहान मुलं जास्त असतील तर तो प्रसंग तसा निवडतो, नवरानवरी समोर असतील तर तसा. विचारलं की या माणसांना आनंद होतो. त्यांना कोणी सहसा विचारत नाही.

पैशाचंही तेव्हाच बोला. विडा, शिधा, दिवटीचं तेल, ओवाळणीत पडणारी दक्षिणा हे ठरलेल्या रकमेत धरलंय की वेगळं, हे स्पष्ट झालं की रात्री कोणाचं तोंड वाकडं होत नाही. घासाघीस करू नका, हे मी कळकळीने सांगते. लग्नात ध्वनिक्षेपकवाल्याला आपण विनातक्रार पैसे मोजतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या हजारो ओव्या तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाशी शंभर रुपयांसाठी वाद घालतो. गोंधळ संपतो तेव्हा बऱ्याचदा एसटी नसते. गोंधळ्यांची परत जायची सोय काय, हे विचारा, आणि जेवायला त्यांना आधी वाढा. भरल्या पोटी जांभया यजमानांना येतात, त्यांना नाही! यजमानांनी मात्र हलकं खावं. पुरणपोळीचा नैवेद्य करा, पण घरच्यांचं भरपेट जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी.

मुलांची तयारी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बंगळुरूची मुलं पहिल्या वेळी काही न कळून कंटाळली, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना मराठी जेमतेम येतं, आणि गोंधळ्याची बोली तर आमच्या पुणे-मुंबईच्या मुलांनाही पटकन उमगत नाही. दुसऱ्या वेळी प्रवासातच सासूबाईंनी त्यांना गोष्ट सांगितली, शेवट तेवढा राखून ठेवला. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरा ओवल्या आणि ते वाद्य रेणुकेपुढे वाजवलं, तेच पहिलं तुणतुणं, ही कथाही सांगितली. मग मुलं तुणतुण्याकडे टक लावून बघत बसली. आधी गोष्ट ठाऊक असली की मूल शब्दांसाठी अडत नाही, ते नाईकाचे हातवारे वाचतं, संबळाची गत बदलली की पुढे काहीतरी होणार हे ओळखतं. नाईक आवाहनात तुळजापूर, माहूर, पंढरपूर, जेजुरी अशी गावं घेतो, ती नकाशावर दाखवून ठेवा. स्वतःच्या मूळ गावच्या दैवताचं नाव नाईकाला आधी सांगितलंत तर तो तेही घेतो. आमच्या गावच्या देवाचं नाव आलं तेव्हा मोठा नातू ओरडलाच, "आज्जी, आपलं गाव!"

तान्ही बाळं असतील तर त्यांच्यासाठी दोन खोल्या पलीकडे निजायची जागा करा आणि पाळीपाळीने बसा. बंद खोलीत संबळाचा आवाज छातीत घुमतो. शक्य असेल तर अंगणात किंवा गच्चीवर गोंधळ मांडा. ज्येष्ठांना खुर्च्या द्या, आणि त्या मागे न ठेवता बाजूला ठेवा, म्हणजे नाईकाचा चेहरा त्यांना दिसतो.

दिवटीचं भान ठेवा. ती खरी ज्योत असते, तेल ठिबकतं, आणि दिवटीवाला नाचत नाचत माणसांच्या अगदी जवळ येतो. सुनेच्या आईची जॉर्जेटची साडी आमच्या पहिल्या गोंधळात थोडक्यात बचावली. बायकांनी सुती नेसावं, पदर खोचावा, मुलींचे केस बांधावेत, चौकाच्या अगदी कडेला लहान मुलं बसवू नयेत. हाताशी पाण्याची बादली असू द्या.

मोबाइलबद्दल आम्ही घरात असं ठरवलं, की पूर्वरंगात हवे तेवढे फोटो काढा, आख्यान लागलं की फोन पिशवीत. चित्रण हवंच असेल तर नाईकाला विचारून एकाने करावं, तेही प्रकाश न पाडता. फोनचा पांढरा झोत पडला की दिवटीचा उजेड निरर्थक होतो, आणि त्याच उजेडावर त्यांचा सगळा अभिनय उभा असतो. शिवाय ते चित्रण त्यांच्या परवानगीशिवाय पसरवू नये. ती त्यांची रोजीरोटी आहे.

शेवटच्या आरतीनंतर लगेच चौक हलवू नका, तो कसा आणि कधी विसर्जित करायचा ते नाईक सांगतो. त्यानंतर थोडा वेळ त्यांच्याबरोबर चहा घ्या आणि मुलांना संबळ जवळून बघू द्या. एक भाग मोठा, एक लहान, एका काठीचं टोक वळलेलं. आमच्या नाईकाने मुलांच्या हातात ती काठी दिली, एक साधी गत शिकवली, आणि आपल्या आजोबांनी कुठल्या कुठल्या गावांत रात्री जागवल्या ते सांगत बसला. त्याचा मुलगा झांज वाजवतो, शाळेतही जातो. आता घरात पुढचं लग्न ठरतंय, आणि दिरांनी तारीख पक्की करायच्या आधी त्या नाईकाला फोन केला.