संगणकाला ठिगळ कसे लावतात?



आपल्या शाळेत एक संगणक आहे. तो खिडकीजवळच्या टेबलावर जुन्या चादरीखाली झाकलेला असतो. त्यात विंडोज १० आहे. विंडोज म्हणजे संगणकाचा कारभारी. आपण कळ दाबतो, माऊस हलवतो, ते सगळे हा कारभारी ऐकतो आणि यंत्राकडून काम करून घेतो. हा कारभारी २९ जुलै २०१५ रोजी निघाला. म्हणजे तो साधारण माझ्याच वयाचा आहे. पण संगणकाच्या जगात तो आता म्हातारा झाला, असे गुरुजी म्हणतात.

माझी आजी वाकळ शिवते. वाकळ जुनी झाली की कुठे कुठे विरते. मग आजी तिथे ठिगळ लावते. विंडोजलाही वापरता वापरता भोके सापडतात. त्या भोकातून चोर आत शिरतो. तो चोर म्हणजे व्हायरस. म्हणून विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी ठिगळे पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही ठिगळे निघतात.

ठिगळ निराळे आणि नवे वाण निराळे. आपल्या बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. तिथे तुरीची वाणे तयार झाली. बीडीएन ७११ ही पांढरी तूर आणि बीडीएन ७१६ ही लाल तूर. बीडीएन म्हणजे आपले बदनापूरच! तुरीवर मर रोग येतो. तो जमिनीतून, मुळांतून झाडात शिरतो. म्हणून रोगाला तोंड देणारे नवे वाण काढावे लागते. विंडोजचेही तसेच. महिन्याचे अपडेट हे ठिगळ. मोठे अपडेट आले की नवे वाण. विंडोज १० चे शेवटचे वाण २२एच२. त्यातले २२ म्हणजे २०२२ साल आणि एच२ म्हणजे वर्षाचा दुसरा अर्धा भाग.

ठिगळ न लावले तर काय होते? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला. दीडशेहून जास्त देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले आणि कुलूप उघडायला पैसे मागितले. इंग्लंडमधल्या दवाखान्यांचेसुद्धा काम अडले. त्या भोकाचे ठिगळ १४ मार्चलाच निघाले होते. म्हणजे दोन महिने आधी! ज्यांनी ते लावले, ते या व्हायरसपासून वाचले.

आता माझी गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी मी तिसरीत होते. आम्ही मुले आजी-आजोबांच्या गोष्टी संगणकावर टंकत होतो. एका मित्राच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली होती. ते खडी फोडायच्या कामावर जायचे. मिलो नावाची लाल ज्वारी खायचे. ती गोष्ट अडीच पाने भरली. त्या दिवशी गुरुजींनी अपडेट लावले आणि ते बाहेर मीटिंगला गेले. पडद्यावर ३० टक्के असे आले आणि तिथेच थांबले. गोल गोल ठिपके फिरत होते. शाळा सुटली. मला वाटले, संगणक अडकला. घरी जायची लई घाई होती. मी भिंतीवरचे बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी संगणक चालू होईना. दोनदा तीनदा बटण दाबले, तरी पडदा निळा व्हायचा आणि पुन्हा बंद. शेवटी जालन्याहून माणूस आला. त्याने विंडोज पहिल्यापासून बसवले. आतले सगळे पुसले गेले. जुन्या गोष्टी गुरुजींच्या पेनड्राइव्हमध्ये होत्या. पण त्या दिवशी टंकलेल्या तीन गोष्टी नव्हत्या. दोन आज्यांनी आपल्या गोष्टी पुन्हा सांगितल्या. मित्राचे आजोबा तोवर वारले होते.

सगळ्यांना वाटले, लाइट गेली म्हणून असे झाले. मी गप्प राहिले.

यंदा गुरुजींनी पुन्हा अपडेट लावायचे ठरवले. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची नेहमीची मोफत ठिगळे बंद झाली. पण आपला संगणक कितीतरी महिने नेटला जोडलेलाच नव्हता, म्हणून आधीची राहून गेली होती. शेवटच्या ठिगळात मागची बहुतेक येऊन जातात. या वेळी मी शेवटपर्यंत जवळ बसले आणि सगळे वहीत लिहून घेतले.

साहित्य : संगणक, पेनड्राइव्ह, यूपीएस, मोबाइलचे नेट, घड्याळ आणि धीर.

कृती :
१) प्रथम सगळ्या गोष्टी, फोटो, याद्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतल्या. पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवला.
२) यूपीएस लावला. यूपीएस म्हणजे बॅटरीचा डबा. लाइट गेली तरी थोडा वेळ संगणक चालतो. पण फार वेळ नाही, म्हणून लाइट टिकते ती सकाळची वेळ निवडली.
३) संगणकात मोकळी जागा आहे का ते पाहिले. नको त्या फायली काढल्या.
४) स्टार्टवर टिचकी मारली. दातेरी चाकाचे चित्र म्हणजे सेटिंग्ज. त्यात 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि मग 'चेक फॉर अपडेट्स'.
५) अपडेट खाली उतरायला बराच वेळ लागला. मग 'रिस्टार्ट नाऊ' दाबले.
६) आता टक्के येऊ लागले. शंभरात किती काम झाले ते टक्के सांगतात. पुन्हा ३० वर गाडी थांबली! माझ्या पोटात गोळा आला. मी घड्याळ धरले. बारा मिनिटांनी ३१ झाले.
७) संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. तो सारखा बंद-चालू होतो, त्याला घाबरू नये.
८) शेवटी स्टार्टमध्ये विनव्हर असा इंग्रजी शब्द टंकला. एक छोटी खिडकी उघडली. त्यात २२एच२ दिसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अनुमान : थांबलेला दिसणारा संगणक थांबलेला असतोच असे नाही. आत काम चालू असते. जुना कारभारी अर्धा काढलेला आणि नवा अर्धा बसलेला असताना वीज तोडली, तर संगणकाला धड हा ना धड तो अशी गत होते. काही वेळा तो स्वतःहून मागे जाऊन सावरतो. पण दर वेळी सावरेलच असे नाही.

गुरुजींनी पुढचेही सांगितले. आपल्या जुन्या संगणकात विंडोज ११ बसत नाही. आता बँकेचे किंवा गुप्त काम यावर करायचे नाही. कोणाचाही पेनड्राइव्ह लावायचा नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचा कारभारी बनवला आहे. तो फुकट आहे आणि त्यात मराठीही चालते. तो बसवून पाहायचा विचार आहे. पण त्याआधी पुन्हा पहिली कृती, म्हणजे सगळे उतरवून घेणे!

त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा मला रडू आले. मी गुरुजींना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी ज्याचे गेले त्याला सांग. मग लेख लिही, म्हणजे दुसऱ्यांचे वाचेल." मी मित्राला सांगितले. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "मला आठवतं तेवढं मी सांगतो, तू टंक." अर्धे पान झाले. ते याच भिंतीवर माझ्या लेखाशेजारी लावले आहे. ते जरूर वाचा.

पालकहो, तुमच्या मोबाइलमध्ये मुलांचे, म्हाताऱ्या माणसांचे फोटो असतील. आज घरी गेल्यावर ते दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि अपडेट चालू असताना बटणाला हात लावू नका.

एवढे लिहून मी माझा लेख संपवते.

— इयत्ता चौथी